कोरडवाहू परसात विष्णुक्रांता कशी लावावी

बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती या तालुक्यांत उन्हाळा लागला की अनेक घरांत पाणी मोजून वापरावे लागते. अशा वेळी शेवंती-गुलाब जगवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा आपल्याच मुरमाड माळावर वाढणाऱ्या विष्णुक्रांतेला परसात जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते. ती जमिनीसरशी पसरते, तिच्या बारीक फांद्यांवर व लहान पानांवर रुपेरी लव असते आणि फिकट निळी फुले जेमतेम नखाएवढी असतात. फुले सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटतात, म्हणून जिथे सकाळी आपला वावर असतो अशीच जागा निवडावी.

रोपवाटिकेत ‘ब्लू डेज’ नावाने मिळणारे गडद निळ्या, मोठ्या फुलांचे रोप याच कुळातले असले तरी ते मूळचे ब्राझीलचे आहे, त्यामुळे तिथे विचारपूस करून घ्यावी. बी मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे शेताचा बांध किंवा ओळखीच्या माणसाचे माळरान. पावसाळ्यात फुलावर असतानाच झाड हेरून ठेवावे, आणि दसऱ्यानंतर बोंडे वाळून पिवळसर तपकिरी झाली की थोडीच खुडून घ्यावीत, बाकीची माळासाठी राखावीत. भीमगड किंवा घटप्रभा अभयारण्याच्या हद्दीतून काहीही आणू नये. तो कायद्याने गुन्हा आहे. अख्खे झाड उपटून आणण्याचाही उपयोग होत नाही, कारण त्याचे काष्ठमय मूळ खोल गेलेले असते आणि ते तुटले की झाड सहसा सावरत नाही.

सर्वांत जास्त कष्ट जमिनीवर घ्यावेत. या झाडाला दुष्काळ मारत नाही. पावसाळ्यात मुळाशी तुंबलेले पाणी मारते. बेळगाव आणि गोकाककडच्या तांबड्या, खडीमिश्रित जमिनीत फक्त वीतभर खोदून माती मोकळी केली तरी पुरते. अथणी-रायबागकडची काळी माती मात्र पावसात चिकट होते आणि उन्हात भेगाळते, म्हणून तिथे जमिनीच्या वर 15 ते 20 सेंटीमीटर उंचीचा वाफा करावा व त्यात दोन वाटे बारीक मुरूम, एक वाटा जाड वाळू आणि एक वाटा माती असे मिश्रण भरावे. वाफ्याला एका बाजूने किंचित उतार ठेवावा. शेणखत घालायचेच असेल तर पूर्ण कुजलेले, तेही ओंजळभरच घालावे आणि युरिया मुळीच देऊ नये, कारण खत वाढले की झाड पाल्यावर जाते व फुले कमी होतात. ऊन किमान सहा तास हवे. पागोळ्यांची धार पडते ती जागा टाळावी. तुळशी वृंदावनाभोवतीची जागा सकाळच्या उन्हामुळे उत्तम असते, परंतु तुळशीला रोज घातलेले पाणी जिथे ओघळते तिथून वाफा हातभर लांब ठेवावा.

खानापूरकडे पाऊस फार, म्हणून तिथल्या वाचकांनी जमिनीत न लावता तळाला भोक असलेल्या पसरट कुंडीत लावून ती कुंडी पावसाळ्यात पत्र्याच्या कडेखाली, पण उजेडात ठेवावी.

पेरणी मृगाचा पाऊस होऊन जमीन भिजली की करावी. बियांचे कवच टणक असल्यामुळे तसेच टाकलेले बी रुजायला फार वेळ लावते. दोन पॉलिश कागदांमध्ये बी हलक्या हाताने घासावे, रात्रभर पाण्यात ठेवावे, सकाळी जे फुगले असेल तेवढेच पेरावे आणि उरलेले पुन्हा घासून भिजत घालावे. बी अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. वरून वाळूचा पातळ थर पुरतो. रोपे चार-सहा पानांवर आली की दोन रोपांत 20 ते 25 सेंटीमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी.

पहिला हंगाम म्हणजे तणाशी झुंज. गाजरगवत आणि हरळी या दोघांना संधी मिळाली तर ही बुटकी रोपे गुदमरतात, म्हणून दर आठवड्याला खुरप्याने नव्हे, तर हाताने तण काढावे. पाचोळ्याचे आच्छादन ओल धरून ठेवते, म्हणून त्याऐवजी बारीक खडी पसरावी.

पावसाने ओढ दिली तरच पहिल्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. पुढे हिवाळ्यात पाण्याची गरज सहसा पडत नाही. उन्हाळ्यात वरच्या फांद्या सुकल्या म्हणजे झाड मेले असे समजून उपटू नये. मूळ जिवंत असेल तर वळवाचा पाऊस होताच बुंध्याशी नवे फुटवे दिसतात. अगदीच वाळत असेल तर 10-15 दिवसांनी एक तांब्या पाणी पुरे.

ही वनस्पती आयुर्वेदात वापरली जाते, तरी वैद्यांच्या सल्ल्याशिवाय पोटात घेऊ नये. काही रोपे एका हंगामातच संपतात, म्हणून दरवर्षी थोडी बोंडे झाडावरच पिकू द्यावीत आणि थोडे बी कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी, पुढच्या मृगासाठी ठेवावे.