शाळेची घंटा नसलेल्या घरात टीव्हीची वेळ कशी ठरवावी

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या टीव्हीला निम्मा लगाम शाळाच घालते. सकाळी सातला रिक्षा येते, मूल दीड-दोनला घरी परततं, मग गृहपाठ, मग झोप. आमच्यासारख्या गृहशिक्षण करणाऱ्या घरात मात्र सकाळी अकरालाही मूल आणि रिमोट एकाच खोलीत असतात. म्हणूनच 'रोज एक तास' हा नियम आमच्याकडे चार दिवसही टिकला नाही. तो एक तास नेमका कोणता, यावरच दिवसभर घासाघीस चालायची. आमची मुलगी दहा वर्षांची आहे, मुलगा सहाचा. त्यांच्यासोबत चुकत-सुधारत जे बसत गेलं, ते इथे क्रमाने सांगते.

१. आधी आठवडाभर नुसतं लिहा

नियम लगेच करू नका. एक वही घ्या आणि टीव्ही लागला की तीन गोष्टी टिपा: किती वाजता लागला, कोणी लावला, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो रिकामा सोडू नका.

आमच्या वहीत सात दिवसांत सर्वांत जास्त नोंदी साडेअकरा ते एकच्या निघाल्या. कुकर लावायचा, पोळ्या करायच्या, मधेच कामाचा फोन. आणि 'कोणी लावला'समोर बहुतेक ठिकाणी माझंच नाव. मुलांनी टीव्ही मागितलाच नव्हता, मला त्यांना गुंतवून ठेवायचं होतं. मी मात्र मुलांना टीव्हीचं वेड लागलंय म्हणून काळजी करत बसले होते. ही वही लिहिली नसती, तर उपाय भलत्याच ठिकाणी केला असता.

२. त्या वेळेला काम द्या

नोंदींतून जी वेळ सापडेल, तिथे दुसरं काहीतरी ठेवल्याशिवाय टीव्ही बंद करू नका. रिकामी जागा तो पुन्हा व्यापतोच. आमच्याकडे साडेअकराला ओट्याखाली चटई पडते. मुलगा परातीत मेथी निवडतो, मटार सोलतो, नाहीतर कणकेच्या गोळ्याचे साप करतो. मुलगी शेजारी बसून मोठ्याने वाचते. मेथीची जुडी मी एकटीने निवडली तर दहा मिनिटांत होते, त्याच्यासोबत अर्धा तास लागतो, देठंही राहतात. तो अर्धा तास द्यावा लागतो, त्याला इलाज नाही.

३. टीव्ही घड्याळाला नको, दिनक्रमाला बांधा

'सहा वाजता' म्हटलं की पाच वाजल्यापासून किती वाजले, किती वाजले सुरू होतं. त्याऐवजी टीव्हीच्या आधी काय व्हायचं ते ठरवा. आमचा क्रम असा: खाली खेळून यायचं, हातपाय धुवायचे, देवापाशी दिवा लागला की टीव्ही, आणि पानं घेतली की बंद. जेवताना टीव्ही नाही, आणि सकाळी तर अजिबात नाही. सकाळी टीव्ही पाहिला की पुढचा सगळा दिवस मुलांना दुसऱ्या कशात गोडी वाटत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की या एका मुद्द्यावर मी हटत नाही.

किती वेळ, याला आधार हवा असेल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची शिफारस घ्या: दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाचपर्यंत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहापर्यंत दोन तासांहून कमी. ऑनलाइन शिकवणीचा वेळही मी यातच धरते. डोळे तेच आणि बैठक तीच.

४. आधी निवडा, मग लावा

रविवारी संध्याकाळी आम्ही आठवड्याचे कार्यक्रम ठरवतो. मुलगी नावं लिहिते. मुलाला अजून सगळं लिहिता येत नाही, म्हणून तो चित्र काढतो: जंगलाच्या कार्यक्रमाला हत्ती, विज्ञानाला भिंगरी. वही टीव्हीच्या टेबलाला सुतळीने बांधलेली असते. 'बघू काय लागलंय' म्हणत चॅनेल फिरवायचे नाहीत, कारण अर्धा तास त्यातच जातो आणि शेवटी मन भरतच नाही.

यासोबत एकदा बसून तीन कामं उरका. यूट्यूबच्या सेटिंग्जमधला ऑटोप्ले बंद करा, म्हणजे एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होत नाही. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स वापरत असाल तर त्यात टायमर आहे, आणि फक्त तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशीही सोय आहे. सेट-टॉप बॉक्सला पिन घाला.

५. 'शैक्षणिक' या शब्दापासून सावध राहा

घरी शिकवणाऱ्या पालकांना पडणारा मोह हाच. पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शैक्षणिक वाहिन्या 2020 पासून आहेत, पहिली ते बारावीपर्यंत इयत्तेगणिक एक, आणि डीडी फ्री डिशवर फुकट दिसतात. यूट्यूबवर तर ज्ञानाला तोटाच नाही. मग वाटतं, शिकतायत ना, चालू दे. मीही असे कितीतरी तास शिक्षणाच्या खात्यावर लिहिले आहेत. आता माझी कसोटी सोपी आहे: बघून झाल्यावर मुलाचे हात कशाकडे जातात?

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती या कसोटीला उतरतात. दोन-तीन मिनिटांच्या असतात, मराठीतही आहेत. काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व ट्यूबच्या तुकड्यांनी जोडण्याची फीत पाहून मुलाने चौकोन केला. तो हातात डगमगायचा, दाबला की तिरपा व्हायचा. त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी हलेना. बराच वेळ दोन्ही हातात घेऊन बसला, मग चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांब काडी बसवली. पाहण्यात तीन मिनिटं गेली होती, करण्यात अख्खी दुपार.

म्हणून कार्टून बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. कार्टून मजेसाठी आहे, ते मजा म्हणूनच बघू द्या. मधेच थांबवून 'यातून काय शिकलास?' विचारू नका. जमेल तेव्हा शेजारी बसा आणि हसू आलं तर हसा.

६. बंद करण्याची रीत ठरवा

रडारड सुरू होते ती बंद करताना. कार्यक्रम ऐन रंगात असताना मोठ्या माणसाने येऊन बटण दाबलं तर कोणतंही मूल भोकाड पसरेल. म्हणून मिनिटं मोजू नका, भाग मोजा: एक किंवा दोन, आणि संपला की मुलानेच उठून बंद करायचा. त्यानंतरची दहा मिनिटं त्याच्याजवळ राहा. मूल किरकिरं झालेलं असतं, भूकही लागलेली असते. मी पानं घ्यायला बोलावते. एकाकडे ताटं, दुसरीकडे पाण्याचे तांबे.

७. घरातल्या मोठ्यांशी बोला

आमच्या आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, मालिका साडेसातला असते. सुरुवातीला मी त्यांच्यावरही नियम लादायला गेले आणि घरात अबोला झाला. घर त्यांचंही आहे आणि दिवसभरात त्यांची करमणूक ती तेवढीच. नंतर मी त्यांनाच विचारलं, "आई, मुलांचं काय करूया?" त्यांनीच सुचवलं की मुलांची जेवणं मालिकेच्या आधी उरकावी आणि त्या वेळात त्यांना गच्चीवर न्यावं. तेव्हापासून तसंच चाललंय.

८. घडी मोडली तर

मोडतेच. गेल्या जुलैत दोघंही लागोपाठ तापाने आजारी पडली, बाहेर धो-धो पाऊस, आणि नऊ दिवस टीव्ही सकाळपासून सुरू होता. आजारपणात मी हिशेब ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. ताप उतरल्यावर शिक्षा म्हणून टीव्ही पूर्ण बंदही करू नका. ज्या दिवशी मूल खाली खेळायला जाईल, त्या संध्याकाळपासून जुना क्रम धरा, दिवा लागल्यावर वही उघडा. पहिले दोन दिवस साडेअकराला रिमोट मागितला गेला. मी नाही म्हटलं आणि परात पुढे सरकवली. तिसऱ्या दिवशी मेथी नव्हती, लसूण सोलायचा होता.