गेम अडकतोय? नवीन पार्ट घेण्याआधी दुखणं कुठे आहे ते शोधा

गेम अडकायला लागला की पहिला विचार ग्राफिक्स कार्डाचा येतो, आणि दुसरा ‘आता सगळा पीसीच बदलू’ असा. मित्रांचे, नातेवाइकांचे आणि त्यांच्या मुलांचे पीसी उघडून बघायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आपसूक येतं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. नेमकं काय कमी पडतंय ते न मोजता केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो. प्रोसेसर दमलेला असतो आणि कार्ड घेतलं जातं. रॅमची एकच स्टिक असते आणि बोल प्रोसेसरला लागतो. म्हणून या लेखात खरेदी उशिरा येते. आधी एक संध्याकाळ तपासणीला द्या.

पायरी १: पैसे न लागणारे उपाय

ओळखीतल्या एका मुलाने बरेच महिने पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घेतलं, स्वतः बसवलं, आणि गेम मात्र होता तसाच. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. मी मागे वाकून पाहिलं, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डलाच, लावलेली. कॅबिनेटच्या मागे यूएसबी, लॅन, स्पीकर यांच्या पोर्टांचा जो उभा पट्टा असतो, तिथला एचडीएमआय हा प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सचा. कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. केबल खाली लावली, पीसी पुन्हा सुरू केला, आणि तोच गेम झुळझुळ चालायला लागला. नवं कार्ड इतके दिवस नुसतं बसून होतं. तुमची केबल कुठे आहे ते आत्ताच बघून या.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथवर जा. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर तिथे ६० हर्ट्झवर चाललेला मी अनेकदा पाहिला आहे. मॉनिटर बदलला की हे सेटिंग स्वतः बदलावं लागतं, आणि ते कोणी सांगत नाही.

त्यानंतर रॅम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. ३२०० वेगाची डीडीआर४ पिढीची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत असेल, तर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सोय, सुरू करायचं राहून गेलंय. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर याच सोयीला एक्स्पो म्हणतात. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता अर्धाच वापरात असतो. ८ च्या दोन लावल्या की तो पूर्ण उघडतो. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक शेजारी शेजारी लावू नका. बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्याचं चित्र असतं, ते बघा.

शेवटी कॅबिनेटचं झाकण उघडा. तीन-चार वर्षं न उघडलेल्या पीसीत प्रोसेसरच्या पंख्याखाली, धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर जमलेला असतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसतही नाही. हवा आत शिरत नाही, आणि प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मऊ ब्रशने थर सोडवा आणि फुंकणीने उडवा. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, त्याला गरागरा फिरू देऊ नका. पंख्यासोबत पात्यांचा ठोकळाही निघाला, तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात पोचवणारा लेप) पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची.

यातल्या एखाद्या गोष्टीनेच काम भागलं तर लेख इथेच सोडा.

पायरी २: एकच जागा, दोन मोजण्या

सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर जेमतेम ७. एवढ्या वेळात प्रोसेसर कोण कुठे आहे, कोणाला गोळी लागली, कोणतं झाड दिसणार हे ठरवतो आणि कार्ड ते रंगवतं. एक जण विटा हातात देतोय आणि दुसरा भिंत बांधतोय असं समजा. देणारा हळू असेल तर गवंडी कितीही चपळ असून उपयोग नाही, आणि गवंडी हळू असेल तर विटांचा ढीग नुसता वाढत जातो. यातला हळू कोण, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

जिथे गेम नेहमी अडकतो अशी एक जागा निवडा: बाजाराचा चौक, मोठी लढाई, काहीही. तिथेच गेम सेव्ह करा, म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच जागी येता येईल. व्ही-सिंक (चित्रांचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्या आकड्याची, मर्यादा बंद करा, नाहीतर आकडा तिथेच अडकून राहील. विंडोजचं बटण आणि जी एकदम दाबल्यावर गेम बार येतो. त्यातली परफॉर्मन्सची चौकट पिन करून ठेवली की एफपीएस आणि जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या वापराचा, टक्का खेळतानाच दिसतात. आकडे कागदावर लिहा. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, बाकी काहीही न बदलता त्याच जागी उभे राहा आणि पुन्हा लिहा.

समजा आधी ४८ एफपीएस होते, जीपीयू ९८ टक्के. रिझोल्यूशन कमी केल्यावर ७५ झाले. याचा अर्थ कार्ड दमलं होतं. उलट, आधी ४८, जीपीयू ६० टक्के, आणि नंतरही ४९, तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर मागे पडतोय. मला ही चाचणी इतर कुठल्याही तक्त्यापेक्षा खरी वाटते, कारण ती तुमच्या पीसीवर, तुमच्या गेममध्ये होते.

टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या एकूण टक्क्यावर मात्र विसंबू नका. १६ थ्रेडच्या (एका वेळी १६ कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण पिळून निघाला तरी एकूण आकडा ६ टक्क्यांनीच वाढतो. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन थ्रेडवरच असतं, म्हणून ‘प्रोसेसर तर ३० टक्केच आहे’ हे वाक्य फसवं आहे.

याशिवाय दोन दुखणी वेगळी ओळखू येतात. एफपीएस एरवी चांगले, पण मधूनच झटका बसतो, तेव्हा रॅम किंवा जीपीयू मेमरी (कार्डाची स्वतःची मेमरी) काठोकाठ भरते का, किंवा डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर जातो का ते पाहा. जीपीयू मेमरी भरत असेल तर टेक्स्चरचं (वस्तूंच्या पृष्ठभागांच्या चित्रांचं) सेटिंग एक पायरी खाली आणा; बऱ्याचदा तेवढ्यानेच झटके थांबतात. आणि पहिली वीस मिनिटं उत्तम, नंतर घसरण, असं असेल तर ते उष्णतेचं लक्षण आहे. पंख्याकडे परत जा.

कार्ड दोषी ठरलं तरी लगेच विकत घेऊ नका. गेममध्ये डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस असेल तर ते ‘क्वालिटी’वर लावून बघा. यात कार्ड छोटं चित्र काढून ते हुशारीने मोठं करतं, म्हणून कार्डाचा भार उतरतो. प्रोसेसरचा भार याने उतरत नाही.

पायरी ३: रॅम आणि डिस्क

गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घ्या, यावर दुमत नाही. हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबी वाचते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सुमारे ५५०, आणि एनव्हीएमई या नव्या जोडणीची साधी एसएसडी साडेतीन हजारांपर्यंत. गेमपुरतं बोलायचं तर खरी उडी पहिली. दुसरीचा फरक लोडिंगमध्ये थोडाच जाणवतो. एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत, वाट बघणं आणि नवा भाग उघडतानाचे झटके कमी होतात. एम.२ च्या (बोर्डवरच आडव्या बसणाऱ्या एसएसडीच्या) स्लॉटमध्ये साटा चालतं की एनव्हीएमई, ते बोर्डच्या पुस्तिकेत पाहूनच घ्या. रॅम १६ जीबीपेक्षा कमी असेल तर वाढवा. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी असते.

पायरी ४: ग्राफिक्स कार्ड, आणि त्याआधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा)

कार्ड मॉनिटर बघून निवडायचं. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख, आणि ४के वर ८२.९ लाख. म्हणजे ४के साठी बरोबर चौपट रंगकाम. १०८० चा मॉनिटर ठेवून ४के चं कार्ड घेतलं तर विटा देणारा, म्हणजे प्रोसेसर, उघडा पडतो. मेमरीबाबत माझा आग्रह असा: कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर ८ जीबीवर थांबू नका, जमत असेल तर १२ किंवा १६ चं बघा.

जुन्या बोर्डवर एक छुपी अडचण येते. कार्ड आणि बोर्डमध्ये माहिती ज्या रस्त्यांनी जाते त्यांना लेन म्हणतात, आणि सगळी कार्डं १६ लेन वापरत नाहीत. आरटीएक्स ४०६० ला ८ लेन आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त ४. तुमच्या बोर्डवर पीसीआय एक्स्प्रेस ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी) असेल तर कमी लेनच्या कार्डाला त्याचा फटका बसतो, आणि ४ लेनच्या कार्डाला तो चांगलाच जाणवतो. टेप घेऊन कॅबिनेटमधली जागाही मोजा.

आता एसएमपीएस. याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि बिघडला तर बाकीच्यांना घेऊन जाऊ शकतो. त्याच्या बाजूच्या स्टिकरवर एक तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर शोधा आणि १२ ने गुणा. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॅट, म्हणजे ६५० चा दावा खरा. त्याच ६५० च्या डब्यावर ३० अँपिअर लिहिलेले असतील तर कार्ड आणि प्रोसेसरला प्रत्यक्षात ३६० वॅटच मिळणार. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतल्या संरक्षणाबद्दल तो काही सांगत नाही.

कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. मोठ्या नव्या कार्डांना १६ पिनचा कनेक्टर येतो. तो पूर्ण आत दाबलाच पाहिजे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, आणि नीट न बसलेला प्लग हे त्याचं एक कारण निघालं. दुसरी सक्त सूचना: एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि डिस्क किंवा बोर्ड क्षणात जळतो. एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नका. बंद केल्यावरही आत वीज साठलेली असते.

जुनं कार्ड घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच अर्धा तास जड गेम चालवा. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर सतत गणितं चालवून चलन कमावणं) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि महिनोन् महिने अखंड चाललेली ढीगभर कार्डं विकायला आली. त्यातली चांगलीही असतात, पण पंखे घासलेले, मेमरी तापणारी कार्डं अर्ध्या तासात कळतात.

पायरी ५: प्रोसेसर दोषी असेल तर

आधी सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, बघा. एएमडीचा एएम४ बोर्ड असेल तर नशीब चांगलं. २०१७ च्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर बायॉस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८०० एक्स३डी चालतो. ९६ एमबी कॅशेमुळे (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीमुळे) तो गेममध्ये फार पुढे जातो. बायॉस मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करायचा, आणि अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची व्यवस्था करायची. इंटेलच्या एलजीए १७०० वर १२ वी, १३ वी आणि १४ वी पिढी बसते. त्याहून जुना बोर्ड असेल तर प्रोसेसर, बोर्ड आणि बहुधा रॅम, तिन्ही एकदम बदलावी लागतात. तेव्हाच ‘नवीन पीसी’ हा विचार योग्य ठरतो. कॅबिनेट, एसएसडी आणि चांगला एसएमपीएस तरीही जुनेच ठेवता येतात. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्ड किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं, हेही या हिशेबात धरा.

लॅपटॉपचं गणित वेगळं. त्यात रॅम आणि एसएसडीपलीकडे सहसा काही बदलत नाही, आणि काहींत रॅमही बोर्डलाच चिकटवलेली असते. नवा घेताना कार्डाच्या नावासोबत वॅट विचारा. लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०६० कुठे ३५ वॅटवर चालतो, कुठे ११५ वर. नाव तेच, ताकद वेगळी.

पायरी ६: बसवणं

स्विच बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. कार्ड काढताना आधी मागचा स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची चिमुकली कळ दाबायची. ती न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो. नवं कार्ड दोन्ही हातांनी सरळ खाली दाबा. ‘टक्’ आवाज आला की कळ बसली. स्क्रू घट्ट करा, केबल जोडा, आणि मॉनिटर यावेळी कार्डालाच लावा.

ड्रायव्हर टाकून झाले की तो कागद काढा आणि त्याच चौकात, त्याच सेटिंगवर पुन्हा मोजा. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा, आणि तोपर्यंत खोका, पिशव्या आणि बिल जपून ठेवा.