महापालिकेच्या इमारतींचं काम हाती घेताय? या चुका टाळा

शाळा, दवाखाने, मंडया, अग्निशमन केंद्रं, समाजमंदिरं. महापालिकेत आर्किटेक्ट म्हणून काम करताना यांच्याच फायली रोज समोर येतात. फसलेलं काम निव्वळ गवंड्यामुळे फसलं, असं मला क्वचितच दिसलं. बहुतेक घोळ निविदा निघण्याआधीच कागदावर झालेला असतो, आणि महापालिकेच्या पॅनेलवर, म्हणजे नेमलेल्या आर्किटेक्टच्या यादीत, नवा माणूस आला की तोच घोळ पुन्हा होतो.

जमिनीखाली काय आहे ते न बघता प्लॅन करणं

सगळ्यात महागडी चूक हीच. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, प्लॉटवर शाळेचं आरक्षण असतं, मालमत्ता पत्रकावर महापालिकेचं नाव लागलेलं असतं. सर्व्हेअर येऊन हद्द, झाडं आणि रस्त्याची पातळी टिपून जातो. त्या नकाशावर आर्किटेक्ट थेट इमारत बसवतो. जमिनीखालून काय जातं हे त्या नकाशात नसतंच.

एका शहरात असंच शाळेचं काम अर्ध्यावर माझ्याकडे आलं. कार्यादेश देऊन झाला होता, भूमिपूजन उरकलं होतं. फूटिंगची, म्हणजे कॉलमच्या पायाची, खोदाई सुरू असताना पोकलेनचा दात पाण्याच्या लाइनला लागला. जुनी बिडाची लाइन, आणि चालू. आसपासच्या वस्तीला टँकर लावावे लागले. लाइन नेमकी कॉलमच्या एका रांगेखालून गेलेली. ती हलवायची तर पाणीपुरवठा विभागाचं वेगळं अंदाजपत्रक, वेगळं लेखाशीर्ष, वेगळी निविदा. शाळेच्या पैशातून ते करता येईना, कारण प्रशासकीय मान्यता शाळेपुरती होती. तेवढ्यात पावसाळा लागला, खड्ड्यांत पाणी भरलं, कडा ढासळल्या. ठेकेदाराने मुदतवाढ मागितली, आणि ती मागायचा त्याला हक्कच होता. शेवटी इमारत सरकवली, स्ट्रक्चरल ड्रॉइंग नव्याने काढली, प्रूफ चेकिंग, म्हणजे त्या ड्रॉइंगची त्रयस्थाकडून तपासणी, पुन्हा करून घेतलं. तोवर मुलं पत्र्याच्या शेडमध्ये बसत होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. त्या भागाचा चावीवाला, म्हणजे रोज पहाटे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा माणूस, साइटवर आला आणि म्हणाला, "साहेब, लाइन हितनंच जाती. त्या लिंबाखाली चेंबर हाय बघा. मला कुणी इचारलंच न्हाई." राडारोडा बाजूला केला, तर खाली चेंबर होतं.

म्हणून माझा नेम आहे. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी मी चावीवाला आणि ड्रेनेजचा मुकादम, दोघांना घेऊन प्लॉटवर जातो. ते दाखवतील तसं फक्कीने आखून घेतो, फोटो काढतो आणि शंका असेल तिथे ट्रायल पिट खणून बघतो. 'सदर जागेतून कोणतीही वाहिनी जात नाही' असा संबंधित विभागाचा दाखला फाइलला लागतोच, तो घ्या. पण केवळ त्या दाखल्यावर फूटिंग टाकू नका.

माती परीक्षणाचं तेच. "शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट आहे की" हे वाक्य ऐकलं की मी फाइल परत पाठवतो. आपल्याकडे एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात फूटभर खाली मुरूम लागतो आणि नाल्याकडच्या कोपऱ्यात भराव आणि काळी माती संपता संपत नाही. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हलका प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, तिच्याबरोबर हलतो. माती तपासायला बोअर न घेता अंदाजाने खोली धरली की खोदाई आणि काँक्रीटची परिमाणं फुगतात. बी-१ करारात, म्हणजे ठेकेदाराशी होणाऱ्या ठरावीक नमुन्यातल्या करारात, एखादी बाब निविदेतल्या परिमाणापेक्षा पंचवीस टक्क्यांपलीकडे गेली की कलम ३८ खाली जादा कामाच्या दराचा विषय निघतो. मग ती फाइल किती टेबलं फिरते, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. बोअरचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

थ्रीडी आधी, साइट नंतर

नवीन मुलांना घाई असते ती थ्रीडी व्ह्यू दाखवायची. पदाधिकाऱ्यांना चित्र आवडतं आणि भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर छापलं जातं. एकदा ते चौकात लागलं की जिना हलवणंसुद्धा अवघड होऊन बसतं. सॉइल रिपोर्ट हातात येईपर्यंत मी कुणालाही रंगीत चित्र देत नाही. कितीही फोन येऊ देत.

वापरणाऱ्याला न विचारणं

भाजी मंडईइतकी फसलेली इमारत दुसरी नसेल. शहराशहरांत दिसतं ते असं: तळाला पार्किंग, वर गाळे, आणि सगळे भाजीवाले बाहेर फुटपाथवर. मग अतिक्रमण विभाग गाडी घेऊन येतो आणि दोष विक्रेत्यांवर जातो. दोष प्लॅनचा असतो. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी गिऱ्हाईक जिना चढत नाही, आणि गिऱ्हाईक चढत नसेल तर मावशी तरी वर कशाला बसेल?

अशाच एका मंडईत ओटे कमरेच्या वर येतील इतके उंच बांधले होते, मॉलच्या काउंटरसारखे. भाजी विकणारी बाई दिवसभर उभी राहत नाही. ती मालाच्या मागे मांडी घालून बसते, एका हाताने जुड्या सोडते, दुसऱ्याने वजन करते, गल्ला मांडीखाली ठेवते. तिला माल आणि स्वतः असं दोन्ही मावणारा, गुडघ्याएवढा, खोल ओटा लागतो. या ओट्यांवर माल ठेवला की मागची बाई दिसेना, आणि वर चढून बसावं तर डोकं ट्यूबलाइटला लागेल अशी अवस्था. पाणी मारलेल्या भाजीचा निथळा जायला उतारही नव्हता.

पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ सालची. मधे अष्टकोनी मनोरा, त्यातून फुटलेल्या भुजा, वर उंच छप्पर. रस्त्यावरून चालत आत शिरायचं आणि भाजी घ्यायची. मंडईचं काम हाती येईल तेव्हा आधी तिथे सकाळी माल उतरताना जाऊन उभे राहा. टेम्पो कुठे लागतो, हमाल कुठून शिरतो, सडका माल कुठे पडतो ते बघा. मीटिंग हॉलमध्ये घेतलेल्या हितसंबंधितांच्या बैठकीत यातलं काही कळत नाही, तिथे फक्त संघटनेचे अध्यक्ष बोलतात. मी टेप घेऊन जातो आणि बसलेल्या माणसाभोवती मोजतो. दवाखाना असेल तर हेच सिस्टरांना विचारतो, शाळा असेल तर शिपायाला. टाकी कोण धुणार आणि तिथवर पोचणार कसा, हे शिपायाला पक्कं ठाऊक असतं.

बाकीच्या, थोडक्यात

दुसऱ्या वॉर्डातल्या शाळेचं अंदाजपत्रक कॉपी-पेस्ट करू नका. ड्रॉइंगमध्ये असलेली आणि अंदाजपत्रकात नसलेली प्रत्येक गोष्ट पुढे जादा बाब म्हणून परत येते. मी ड्रॉइंग भिंतीला लावतो आणि अंदाजपत्रकातली एकेक बाब त्यावर रंगीत पेन्सिलीने रंगवतो. पांढरं राहिलं ते सुटलं.

रॅम्प शेवटी चिकटवू नका. १:१२ उताराने ६० सेंटिमीटर प्लिंथला ७.२ मीटर लांबी लागते, वर-खाली व्हीलचेअर वळायला सपाट जागा वेगळी. ती सुरुवातीलाच धरली नाही तर घसरगुंडी होते, आणि मतदानाच्या दिवशी तिथेच आजीला चौघांनी उचलून आणावं लागतं.

अग्निशमन विभागाकडे प्लॅन पक्का झाल्यावर जाऊ नका, कच्चा असतानाच जा. जिन्याची रुंदी नंतर वाढत नाही.

ट्रान्सफॉर्मरची जागा महावितरणला आधी विचारा.

आचारसंहितेचा अंदाज घेऊन निविदेचं वेळापत्रक आखा. कार्यादेश अडकला की सगळंच अडकतं, सुरू असलेलं काम मात्र चालू राहतं.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर, झाला की पाणी साठवून दोन-तीन दिवस ठेवा आणि खालून स्वतः छत बघा. "टेस्ट घेतली साहेब" असं ऐकून बिलावर सही करू नका. मी छतावर ओल दिसेल तिथे खडूने तारीख लिहितो, त्यामुळे ठेकेदाराला जुना डाग म्हणता येत नाही.

आणि दोषदायित्व कालावधीची, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीची, अखेरची तारीख टेबलाच्या काचेखाली लावून ठेवा. त्याआधीच्या शेवटच्या पावसाळ्यात, भर पावसात इमारतीत जा. गळती, तुंबलेले पाइप, फुगलेले दरवाजे यांची यादी करा आणि कालावधी संपण्याआधी लेखी पत्र देऊन त्याची पोच घ्या. अनामत रक्कम सोडण्याची फाइल लेखा विभागात पोचल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.