माझा पहिला रोमन रस्ता पाइपलाइन निघाला

इंग्लंडमध्ये पुरातत्त्वाचं एमए करताना माझ्या वाट्याला काम आलं ते हवाई फोटोंवरून गाडले गेलेले रोमन रस्ते शोधायचं. दुसऱ्याच आठवड्यात मला एक गवसला! बार्लीच्या चार शेतांतून गेलेली सरळसोट, गडद हिरवी पट्टी. नकाशावर उतरवून सरांना दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "इथून गॅसची पाइपलाइन जाते का, बघितलंस?"

खरं तर मला कळायला हवं होतं. मी बार्शीकडची. मोडलेल्या गाडीवाटेवर ज्वारी खुरटते, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. रोमन रस्त्याचंही तेच. खाली खडी-दगडाचा थर, मुळांना ओल मिळत नाही, पीक आधी पिवळं पडतं. कडेचे चर मात्र मातीने भरलेले. तिथे ओल टिकते, पीक उंच आणि हिरवं राहतं. म्हणजे मध्ये फिकट पट्टा आणि दोन्हीकडे गडद रेघा दिसायला हव्यात. माझ्याकडे एकच गडद रेघ होती, म्हणजे खणून बुजवलेला चर.

म्हणून रस्त्याआधी पीक वाचायला शिका. गहू-बार्ली चांगलं बोलतात, बटाट्याचं शेत जवळजवळ मुकं. फोटोची तारीख आधी बघा: जून-जुलै आणि पावसाने ओढ दिलेलं वर्ष असेल तर चंगळ. १९७६ आणि २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यांनी ब्रिटनमध्ये कितीतरी जुन्या खुणा उघड्या केल्या. चिकणमातीच्या जमिनीत मात्र फारसं काही उमटत नाही. तिथे रेघ दिसली नाही म्हणून रस्ता नव्हताच, असं लिहू नका.

ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था. तिचे पहिले पुरातत्त्व अधिकारी ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी गालिच्यावरच्या मांजराचा दाखला दिला होता. मांजराला नक्षी कळत नाही, उभ्या माणसाला कळते. पटतं, पण उंचावरून नक्षी जरा जास्तच दिसायला लागते, हेही खरं. नवख्याला प्रत्येक सरळ रेघ रोमन वाटते. रोमन रस्ते सरळ तुकड्यांत जातात आणि दिशा बहुधा उंचवट्यावर बदलतात, कारण आखणारा तिथून पुढचं बघत असे. वळण खोलगटात असेल तर मी आता दोनदा विचार करते.

मग पडताळणी. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे फुकट आहेत. एकोणिसाव्या शतकातली गाडीवाट किंवा शेताची हद्द तिथेच पकडली जाते. इंग्लंडचा लायडार डेटाही, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे चढउतार, २०१५ पासून खुला आहे. रस्त्याचा हातभर उंच बांध उरला असेल तर त्यात दिसतो. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण कामाचा मोठा भाग हाच.

आणि चुकांचं एक वेगळं फोल्डर ठेवा. माझ्या फोल्डरात दोन पाइपलाइनी, एक उखडलेला रेल्वेमार्ग आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तर किती, मोजल्याच नाहीत.