एडीएचडीची गोळी किती वर्षं? थांबवून पाहायची असेल तर

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चुळबुळ आणि उतावळेपणा. त्यावरच्या औषधाचा ठरलेला कोर्स नसतो. काही मुलांना दोन-तीन वर्षं पुरतात, काहींना ते मोठेपणीही लागतं. वयाबरोबर चुळबुळ कमी होते, पण विसरणं आणि कामं अर्धवट सोडणं बऱ्याचदा टिकून राहतं. त्यामुळे ‘आता शांत बसतो, म्हणजे बरा झाला’ हा हिशेब फसवा आहे. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब दर 6 महिन्यांनी बघायचेच. शिवाय वर्षातून एकदा डॉक्टरांना थेट विचारा, औषध अजून लागतंय का?

खात्री करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवून पाहावी लागते. सुट्टीत नको. अभ्यासच नसला की सगळं ठीकच दिसतं. परीक्षा किंवा नवी शाळा असतानाही नको. सत्राच्या मधले दोन-तीन आठवडे निवडा. आधीचा एक आठवडा गोळी चालू ठेवून नोंद करा: गृहपाठाला किती वेळा हाक मारावी लागली, फळ्यावरचं किती उतरवलं, भांडणं किती, झोप कधी लागली. पुढे तीच नोंद, त्याच माणसाने. वर्गशिक्षकांनाही दर आठवड्याला तेच प्रश्न विचारा.

मिथाइलफेनिडेट या औषधाचा परिणाम त्याच दिवशी ओसरतो, त्यामुळे फरक लवकर कळतो. तरी पहिल्या दोन दिवसांवरून ठरवू नका. भूक खवळते, मूल जरा उधळतं. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा असर चढायलाच काही आठवडे लागतात, तेव्हा निष्कर्षाचीही घाई नको. ग्वानफॅसिन आणि क्लोनिडिन मात्र एकदम कधीच बंद करू नका, रक्तदाब उसळतो. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.

गोळी चालू असूनही फरक दिसत नसेल, तर ती नकोच असं नाही. डोस अपुरा असेल, किंवा संध्याकाळच्या अभ्यासाआधीच असर संपत असेल.

किशोरवयात खरी अडचण वेगळीच: गोळ्या गुपचूप दप्तरात साठतात. रागावण्याआधी कारण विचारा. भूक मरते, झोप येत नाही, ‘गोळी घेतली की मी मी राहत नाही’, ही उत्तरं ऐकू येतात. शेवटचं बऱ्याचदा डोस जास्त झाल्याचं लक्षण असतं. डोस कमी करून किंवा औषध बदलून ते सुटू शकतं. नोंदवही मुलांच्याच हातात द्या, आणि ती गाडी चालवत असतील तर गोळी थांबवून पाहण्याच्या काळात किल्ली तुमच्याकडे ठेवा. पुन्हा सुरू करायची वेळ आली, तर जुना पूर्ण डोस घरच्या घरी देऊ नका; कुठल्या डोसपासून सुरुवात करायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.