मृत्युपत्र केलंय ना? मग या चुका एकदा तपासा

"आबांनी पाचशेच्या बाँडवर केलंय, नोटरी पण केलंय. आणि काय पायजे?" कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरचा एकुलता एक लेक प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढत म्हणाला. आबांची सही होती, नोटरीचा गोल शिक्का होता. साक्षीदार मात्र एकच. आबा जाऊन तीन महिने झाले होते, म्हणजे दुरुस्तीची सोयच उरली नव्हती.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेलंही चालतं. लागतात ते दोन साक्षीदार, आणि नोटरी केल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ६३ सांगतं की दोघांनीही करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा 'ही सही माझीच' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि मग त्याच्यासमोर आपली सही करायला हवी. पोराच्या हातून कागद शेजारी पाठवून काकांची सही मागवली, तर ते साक्षांकन कोर्टात उघडं पडतं.

साक्षीदार निवडतानाही गंमत होते. ऐंशीचे आबा तालमीतल्या ब्याऐंशीच्या दोस्ताला बोलावतात. उद्या वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं. दोघंही हयात नसतील तर हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधायचा. मार्ग आहे, पण लांबचा. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे घ्या. त्यातला एक नेहमीचा डॉक्टर असेल तर 'आजारपणात लिहून घेतलं' या आरोपाला बरंच उत्तर मिळतं.

नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करा म्हणतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात किती घरांतल्या ट्रंकांमधले कागद लगदा झाले, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल निबंधक कार्यालयातून मिळते. मजकूर कुणालाच कळू द्यायचा नसेल तर सीलबंद लखोटा जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. मात्र नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही. साक्षीदार तरीही लागतोच. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून खरं ठरवून घेण्याची, धास्ती काही जण घेतात. ते २०२५ पर्यंत मुंबईचं दुखणं होतं, कोल्हापुरात त्याची सक्ती नाही.

"बँकेत नॉमिनी लावलाय की," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारस असतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात नाव दुसऱ्याचं, असा घोळ असेल तर आजच दोन्ही जुळवा.

जमिनीचा घोळ याहून मोठा. सातबारा आपल्या एकट्याच्या नावावर आहे म्हणून वडिलोपार्जित ऊसशेती हवी त्याला देता येत नाही. त्यातला फक्त आपला हिस्सा देता येतो. २००५ च्या दुरुस्तीने मुली जन्मतः सहहिस्सेदार झाल्या, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे २०२० च्या निकालाने स्पष्ट केलं. 'मुलींना लग्नात दिलंय' हे वाक्य मृत्युपत्रात घालून तो हिस्सा पुसला जात नाही. स्वकष्टाची मिळकत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कुणाला का वगळलं, ते दोन ओळींत जरूर लिहा.

'कागल रोडची जमीन' असं मोघम नको. गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. कारखान्याचा शेअर आणि दूध संस्थेची ठेव हमखास राहून जाते, म्हणून 'याशिवाय जे काही असेल ते अमुक यास' ही ओळ शेवटी हवीच.

मृत्युपत्राऐवजी राहतं घर हयातीतच मुलाला बक्षीसपत्राने देण्याकडे हल्ली ओढा आहे, कारण त्याला मुद्रांक शुल्क मूळ २०० रुपयेच. पण दिलं की गेलं. द्यायचंच असेल तर 'आम्हां दोघांना सांभाळेल' ही अट दस्तातच लिहा. ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

ट्रस्ट म्हटलं की लोकांना धर्मादाय आयुक्त आठवतात. कुटुंबाचा खासगी ट्रस्ट १८८२ च्या कायद्याने चालतो, त्याचा धर्मादायशी संबंध नाही. सगळ्यांना तो लागत नाही. पण स्वतःचे व्यवहार पाहू न शकणारं मूल घरात असेल तर 'थोरल्याने सांभाळावे' या एका ओळीवर त्याला सोडू नका. पैसे कशावर खर्चायचे, विश्वस्त कोण, तो गेला तर पुढचा कोण, हे लिहा. आणि ट्रस्टमध्ये मिळकत खरोखर घाला. स्थावर असेल तर नोंदणीकृत दस्ताने किंवा मृत्युपत्रानेच ते होतं. दस्त कपाटात आणि ट्रस्टच्या खात्यात शून्य, असे ट्रस्ट मी पाहिलेत.

मंगळवार पेठेतलं ते घर आबांच्या स्वकष्टाचं होतं आणि त्यांना ते लेकालाच द्यायचं होतं. आता प्रॉपर्टी कार्डावर आई, तीन बहिणी आणि तो अशी पाच नावं आहेत, सारख्या हिश्श्याची. थोरली बहीण हक्कसोडपत्र द्यायला तयार आहे. धाकट्या दोघींचं अजून ठरेना.