ग्रीक बायबलची जुनी पोथी वाचताना या चुका टाळा

मध्ययुगीन ग्रीक पोथ्यांची छायाचित्रं आता घरबसल्या पाहता येतात. नव्या वाचकाची गाडी बहुधा सालापाशी अडते.

सेंट पीटर्सबर्गची उस्पेन्स्की शुभवर्तमानं ही येशूच्या चरित्रांची ग्रीक पोथी घ्या. निकोलस या मठवासी लेखनिकानं पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, लिहिलंय: ७ मे, इंडिक्शन १३, सृष्टीच्या निर्मितीपासूनचं वर्ष ६३४३. इसवी सनासाठी यातून डोळे झाकून ५५०९ वजा केले तर ८३४ येतं, आणि ते चूक आहे. बायझंटाइन वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९, जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८. महिना मे, म्हणून साल ८३५. शकात ७८ मिळवायचे की ७९, हे आपण महिना पाहून ठरवतो, तसंच. ताळाही करता येतो: इंडिक्शन हे १५ वर्षांचं चक्र, म्हणून ६३४३ ला १५ ने भागा. बाकी १३ उरते. ती जुळली नाही, तर आकडा पुन्हा वाचा.

अभ्यासकांनी केलेल्या नव्या कराराच्या ग्रीक पोथ्यांच्या सूचीतल्या क्रमांकावरून वय ठरवू नका. ही पोथी ४६१ क्रमांकाची, आणि १ क्रमांकाची बाझेलची पोथी बाराव्या शतकातली.

अशा पोथ्यांच्या वळणदार लहान लिपीत बीटा आणि कॅपा ही दोन्ही ग्रीक अक्षरं इंग्रजी यू अक्षरासारखी दिसतात. अडलात तर अंदाजानं पुढे जाऊ नका. त्याच पानावर ओळखीचा शब्द शोधून लेखनिकाचा कॅपा आधी डोळ्यात बसवा. थीटा-सिग्मा या दोन अक्षरांवर आडवी रेघ दिसली तर तो ‘थेओस’, म्हणजे देव, या शब्दाचा संक्षेप. आकडेही अक्षरांनीच लिहिलेले असतात आणि त्यांवरही रेघ असते, म्हणून वाक्य वाचूनच ठरवा. मध्येच ‘तेलोस’ आलं तर ते वचनात घेऊ नका; त्या दिवसाचं उपासनेतलं वाचन तिथं संपतं, एवढीच ती खूण.

सगळ्यात महाग पडते ती पानं न मोजण्याची चूक. पाठ तपासण्याआधी शेवटचं पान आहे का, ते बघाच. १५१६ साली बाझेलला ग्रीक नवा करार छापताना विद्वान इरॅस्मसकडच्या प्रकटीकरणाच्या, म्हणजे नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाच्या, पोथीला शेवटचं पान नव्हतं. त्यानं त्या पानावरची वचनं लॅटिन बायबलवरून ग्रीकमध्ये उलट भाषांतरित केली. लॅटिनमध्ये ‘लिग्नो’ म्हणजे झाड, ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक. लॅटिन बायबलच्या नकला करताना ‘लिग्नो’चं ‘लिब्रो’ झालेलं होतं. ग्रीक पोथ्यांतलं ‘जीवनाचं झाड’ त्याच्या छापील ग्रीकमध्ये ‘जीवनाचं पुस्तक’ झालं, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, प्रकटीकरण २२:१९ ला, ते तसंच उतरलं.